गोठ्यात येणारा थर्मास



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत चहा थर्मासमधून आला. ज्यांच्या घरी बैठक होती त्यांनी तो सकाळी दहालाच भरून ठेवलेला. बैठक सुरू व्हायला बारा वाजले. बैठका किती वेळेवर सुरू होतात ते मी तुम्हाला सांगायला नको. चहा ओतला तर पार कोमट. पुन्हा उकळून भरला, तर पाच मिनिटांत थर्मासचं बाहेरचं अंगच चटका बसावा इतकं तापलं. एक काकू म्हणाल्या, "ह्याचा जीव गेलाय, आता ह्यात डाळ भरून ठेव."

काकूंनी अगदी बरोबर ओळखलं होतं. आणि मला दोन वर्षांपूर्वीची एक गाय आठवली. थर्मासचा आणि गायीचा काय संबंध, तेच आज सांगणार आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंनी बँकेच्या कर्जातून एक संकरित गाय घेतली होती. पहिलं वेत चांगलं झालं. नंतर गाय माजावर आली, भरवली, एकवीस दिवसांनी उलटली. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. श्रावणात तिसऱ्यांदा माजावर आली तेव्हा मी हप्त्याच्या कामासाठी योगायोगानं त्यांच्या वस्तीवर होते. वैरागपासून आत, बार्शी-सोलापूर रस्ता सोडून चार-पाच किलोमीटर. रेतन करणारे दादा मोटारसायकलवरून आले. गाडीला कॅनव्हासच्या पिशवीत तो आपला नेहमीचा ॲल्युमिनिअमचा कंटेनर. ताई गाय धरायला गेल्या, त्यांचे मालक दादांशी बोलत उभे राहिले. मी रिकामीच होते म्हणून कंटेनरकडे बघत बसले. त्याच्या अंगावर पाण्याचे थेंब साचलेले. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसे. हात लावला तर गार. आणि दादांनी झाकण काढलं तेव्हा जो पांढरा धूर भसाभसा बाहेर येतो, तो जेमतेम सुटला.

मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. पण घाम सुटलेला डबा डोक्यात राहिला. वैरागला आल्यावर ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून विचारलं. ते एकच वाक्य बोलले, "अहो, तो थर्मास आहे. थर्मास बाहेरून गार लागला म्हणजे आतली पोकळी गेली."

त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसले आहे. आपल्या गटांमध्ये दुधाच्या जनावरांसाठी घेतलेली कर्जं किती आहेत ते तुमच्या वह्यांत बघा, म्हणजे मी का धरून बसले ते कळेल.

आधी थर्मास म्हणजे काय ते बघू. उष्णता तीन वाटांनी जाते. एक, चिकटून: तव्यावरची उलथनी हातापर्यंत तापते तशी. दुसरी, हवेवर बसून: चुलीवरची गरम हवा वर जाते, तिच्याबरोबर उष्णता जाते. तिसरी, नुसत्या झळीनं: चुलीसमोर बसलं की मध्ये काही नसताना तोंड भाजतं, ऊन इतक्या लांबून येऊन पाठ तापवतं. थर्मासमध्ये एकात एक अशी दोन भांडी असतात आणि ती फक्त तोंडापाशी जोडलेली असतात. मधल्या जागेतली हवा काढून घेतलेली असते. हवाच नाही, मग चिकटून जायला आणि वाहून न्यायला काही उरत नाही. राहिली झळ. म्हणून आतल्या भिंती आरशासारख्या चकचकीत करतात, झळ परत फिरते. उरली फक्त तोंडाकडची वाट. म्हणून तोंड अरुंद ठेवतात आणि मान पातळ.

आता गंमत ऐका. आपण समजतो थर्मास चहासाठी निघाला. तो निघाला थंडीसाठी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स देवार नावाचे शास्त्रज्ञ हवेसारखे वायू गार करून करून त्यांचं पाणी करत होते. ते पाणी इतकं थंड की कुठल्याही भांड्यात ठेवलं तरी उकळून उडून जायचं. म्हणून 1892 साली त्यांनी दोन भिंतींचं काचेचं भांडं करून मधली हवा काढली. पुढे जर्मनीतल्या राइनहोल्ड बुर्गर या काच फुगवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आलं की जे थंड आत धरतं ते गरमही आत धरेल. 1904 मध्ये थर्मास या नावानं कंपनी निघाली. देवारांनी आपल्या भांड्याचं पेटंट घेतलं नव्हतं, नंतर कोर्टात गेले आणि हरले. शोध त्यांचा, धंदा दुसऱ्याचा. म्हणजे गोठ्यात येणारा कंटेनर ही मूळ वस्तू आणि चहाचा थर्मास ही तिची धाकटी बहीण.

आपल्याकडे काचेच्या थर्मासचं नाव घेतलं की जुन्या माणसांना ईगल आठवतो. तो कारखाना पुणे जिल्ह्यात तळेगावला. त्याच तळेगावात त्याच्याही खूप आधी, 1908 साली, पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एक-एक पैसा गोळा करण्याची ही कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि त्या पैशांतून काच करायचा आणि शिकवायचा कारखाना उभा राहिला. आपण महिन्याला शंभर-दोनशे टाकतो तेव्हा मला हा पैसा फंड हमखास आठवतो. असो, विषयावर येते.

स्टीलचा थर्मास करतात कसा? स्टेनलेस स्टीलच्या नळीचे तुकडे कापतात. एक आतल्या भांड्यासाठी, एक बाहेरच्या. साच्यात घालून आतून पाण्याचा प्रचंड दाब दिला की नळी फुगून साच्याचा आकार घेते. मान दाबून अरुंद करतात. आतल्या भांड्यावर बाहेरून तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळतात किंवा मुलामा देतात, झळ अडवायला. मग आतलं भांडं बाहेरच्यात घालून तोंडाची कड वितळवून एकजीव करतात. हे जोडकाम सगळ्यात नाजूक. सुईच्या टोकाहून बारीक छिद्र राहिलं तरी थर्मास फुकट. बाहेरच्या भांड्याच्या तळाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवतात आणि त्याच्यावर खास काचेचा एक मणी. असे शेकडो थर्मास एका बंद भट्टीत उलटे लावतात, भट्टीतली हवा पंपानं ओढून घेतात आणि ताप वाढवतात. भोकातून मधली हवा निघून जाते, मग काचेचा मणी वितळून भोक बुजवतो. मध्ये एक छोटी गोळीही ठेवलेली असते, पुढे धातूतून जी थोडीफार हवा सुटेल ती ही गोळी शोषून घेते. बाहेर आल्यावर प्रत्येकाची परीक्षा तापवून होते: आतून गरम केलं आणि बाहेरचं अंग तापलं की तो बाजूला. काकूंनी बैठकीत केली तीच परीक्षा.

इथं एक प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आत्ताच उत्तर देते. "ताई, आपल्या गटाला हा उद्योग टाकता येईल का?" माझं स्पष्ट मत, नाही. पापड-मसाल्यासारखा हा घरातून सुरू होणारा उद्योग नाही. पोकळीची भट्टी, जोडकामाची यंत्रं, तपासणीची साधनं यांचा खर्च दहा बायकांच्या बचतीत बसत नाही. शिवाय केंद्र सरकारनं 2023 साली घरगुती थर्मास आणि अशा बाटल्यांसाठी आयएसआय शिक्का बंधनकारक करणारा आदेश काढला. कुणी "मशीन घ्या, माल आम्ही उचलतो" म्हणत आलं तर आधी शिक्क्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते विचारा. घेताना मात्र हा शिक्का बघून घ्या. आणि भाकरीचा गरम डबा किंवा आशाताईंच्या खांद्यावरची लसीची पेटी हे थर्मास नव्हेत. त्यांच्या भिंतीत फोम असतो, पोकळी नसते. म्हणून भाकरी दुपारपर्यंत गरम राहते, संध्याकाळपर्यंत नाही.

आता गोठ्यातला कंटेनर.

त्यात असतो द्रवरूप नायट्रोजन. आपण श्वासात घेतो त्या हवेत बहुतेक नायट्रोजनच असतो, तोच गार करून पाण्यासारखा केलेला. त्याचं तापमान शून्याखाली 196 अंश. त्यात वळूच्या रेताच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. एका कांडीत पाव मिलिलिटर रेत, म्हणजे चार-पाच थेंब. इतक्या थंडीत ते गोठलेलं बीज वर्षानुवर्षं टिकतं. महाराष्ट्रात हे काम गावोगाव नेण्यात उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेचं नाव मोठं आहे. मणिभाई देसाईंनी ती 1967 साली उभी केली. गाय वळूकडे न्यायची गरज संपली ती या डब्यामुळे. चांगल्या वळूचं बीज आपल्या वस्तीवर मोटारसायकलवरून येतं, ही लहान गोष्ट नाही.

आणि हे डबे परदेशातूनच येतात असं समजू नका. आपल्या नाशिकला त्यांचा कारखाना आहे. पूर्वी तो आयबीपी या सरकारी कंपनीचा होता. 2007 मध्ये ती कंपनी इंडियन ऑईलमध्ये विलीन झाली, कारखानाही तिकडे गेला. जुन्या डब्यांवर आयबीपी ही अक्षरं अजून दिसतात. गावात फिरतो तो साधारण तीन लिटरचा, दवाखान्यात असतो तो वीस किंवा पस्तीस लिटरचा.

हा डबा करणं चहाच्या थर्मासपेक्षा जिकिरीचं. तो स्टीलचा नाही, ॲल्युमिनिअमचा, कारण मोटारसायकलवर न्यायला हलका हवा. पण ॲल्युमिनिअममधून उष्णता फार पटकन धावते. मग मान ॲल्युमिनिअमची ठेवून चालत नाही. मान करतात काचेच्या धाग्यांची, रेझिनमध्ये मुरवलेली, आणि ती आतल्या-बाहेरच्या भांड्याला चिकटवतात. आतलं सगळं भांडं या मानेवर लोंबकळत असतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आतल्या भांड्याला चकचकीत ॲल्युमिनिअमचा वर्ख आणि काचेच्या धाग्यांचा कागद असे एकाआड एक कितीतरी थर गुंडाळतात. वाकळ शिवताना आपण जुन्या लुगड्यांचे थर लावतो तसे, फक्त हे दाबून बसवत नाहीत, सैल ठेवतात. उरलेली हवा शोषायला खास कोळसा किंवा तसलंच द्रव्य ठेवतात. मग बाहेरचं भांडं जोडून, डबा तापवून, पंपानं हवा ओढत राहतात. तासाभराचं काम नाही, बराच वेळ चालतं, कारण थरांच्या मध्ये अडकलेली हवा आणि ओल सहज निघत नाही. हेलियम नावाचा अगदी बारीक वायू सोडून कुठं गळती आहे का बघतात. शेवटी नायट्रोजन भरून डबा दिवसेंदिवस काट्यावर ठेवतात. रोज किती वजन घटतं, त्यावरून पास-नापास.

म्हणजे इतकी मेहनत घेऊन केलेली वस्तू. आणि गावात तिचं काय होतं? खड्ड्यांतून आदळते. आडवी पडते. उन्हात उभी राहते. आतलं भांडं मानेवर लोंबकळतंय म्हणाले ना, एका जोराच्या आपटीनं मानेला चीर जाते आणि पोकळीत हवा शिरते. बाहेरून डबा तसाच, नवा कोरा दिसणारा. आतला नायट्रोजन मात्र आठवड्यांऐवजी दिवसांत उडून जातो. कांड्या उघड्या पडतात, गोठलेलं बीज ऊब लागून मरतं. पुन्हा नायट्रोजन ओतला तर कांडी परत गोठते, पण मेलेलं बीज जिवंत होत नाही. आणि कांडीकडे बघून ती मेलेली आहे की जिवंत, हे कुणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि दादांनाही नाही.

म्हणून बघायचा तो डबा. घाम किंवा गारपणा बाहेरच्या अंगावर आहे का? मानेभोवती बर्फाची भुकटी कायम धरते का? नुकताच भरलेला असेल तर तोंडापाशी थोडा बर्फ दिसतो, त्याला घाबरू नका. आत पातळी किती, हे मोजायला पट्टी असते. ती तळापर्यंत घालून काही क्षण धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जितका भाग पांढरा होईल तितका नायट्रोजन. धातूची पोकळ नळी घालायची नाही, वरून फवारा उडतो. पट्टी नसेल तर वजन करा. एक लिटर नायट्रोजन सुमारे आठशे ग्रॅम, म्हणजे तीन लिटरच्या डब्यात भरल्यावर दोन किलो चारशे. दुधाच्या संकलन केंद्रावर काटा असतोच. आमच्या ग्रामसंघानं दादांना विनंती केली की दर सोमवारी डबा काट्यावर ठेवून वहीत आकडा लिहायचा. पहिल्यांदा ते हसले. आता स्वतःहून लिहितात, कारण नायट्रोजन कधी मागवायचा ते त्यांनाही कळतं.

कांडी काढतानाही लक्ष द्या. कांड्यांचं भांडं मानेच्या वर उचलायचं नाही, आतच ठेवून चिमट्यानं कांडी काढायची, तीही पाच-सात सेकंदांत. मग 37 अंशांच्या पाण्यात साधारण 30 सेकंद. खिशात घालून किंवा हातावर चोळून नाही. आणि इथं चहाचा थर्मास पुन्हा येतो! कोमट पाणी बहुतेक जण थर्मासमधूनच आणतात, किंवा तुमच्याकडे मागतात. चुलीवरून काढलेलं कढत पाणी देऊ नका. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर घालून बघतो तितकं. दादांकडे तापमापी असेल तर उत्तमच.

दोन धोके तेवढे सांगते, लेकरंबाळं गोठ्यात असतात म्हणून. नायट्रोजनचा शिडकावा कातडीवर राहिला तर भाजल्यासारखी जखम होते. आणि एक लिटरचा वायू झाला की तो सुमारे सातशे लिटर होतो. म्हणून डब्याचं बूच मुद्दाम सैल असतं. ते फडक्यानं कोंबून घट्ट करू नका आणि नायट्रोजन कधीही चहाच्या थर्मासमध्ये घेऊ नका, झाकण आवळलं की फुटेल. भरलेला डबा बंद खोलीत, माणसं झोपतात तिथं ठेवू नका. त्या वायूला वास नाही, श्वासातला प्राणवायू कमी झाला तरी कळत नाही.

आता त्या ताईंच्या गायीचं. तिसऱ्या वेळीही ती उलटली. त्रेसष्ट दिवस गेले. त्रेसष्ट दिवसांचं खाद्य, वैरण आणि पुढे ढकललेलं वेत, हिशेब तुमचा तुम्ही मांडा. मधल्या काळात आम्ही चार-पाच वस्त्यांवर विचारलं तर त्याच डब्यातून भरवलेल्या आणखी गायी उलटल्या होत्या. आम्ही भांडायला गेलो नाही. दादांना बसवून चहा दिला आणि पट्टी घालायला लावली. दोन बोटंसुद्धा पांढरी झाली नाही. ते स्वतः खजील झाले. बिचाऱ्यांना डबा मिळाला होता तोच पूर्वी कुणाच्या तरी हातून पडलेला, हे नंतर कळलं. डबा बदलला. चौथ्या वेळी गाय भरवली, तीन महिन्यांनी तपासली, गाभण निघाली.

म्हणजे दोष डब्याचाच होता का? शपथेवर सांगणार नाही. गाय उलटायला खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा आजार अशी दहा कारणं असतात. सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची. सोट कधी टाकला, गाय कधी हंबरली, हे घरात पहिल्यांदा बाईलाच दिसतं, आणि दादांना फोन मालक करतात ते रानातून परत आल्यावर. त्या ताईंनीच मला हे सांगितलं. आता त्या स्वतः फोन करतात.

विचारायचं कसं, हाही प्रश्न आहेच. आपण त्या वेळी गायीची शेपूट धरून उभ्या असतो आणि बोलायचं काम पुरुषांचं. एका बैठकीत आम्ही याचा सरावच केला. एक जण दादा झाली, एक गाय झाली (गाय व्हायला सगळ्या तयार होत्या, दादा व्हायला कुणी नाही). शेवटी ठरलं ते वाक्य साधं: "दादा, एकदा पट्टी घालून दाखवा की, आम्हाला बघायचंय." यात संशयही नाही आणि आगाऊपणाही नाही. ज्यांचा डबा चांगला आहे ते आनंदानं दाखवतात, आजवर एकानंच नकार दिला.

तुमच्याकडे पट्टी मिळत नसेल तर ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत विषय काढा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कंटेनरच्या वजनाची वही कशी आखायची ते मी पुढच्या भागात सांगेन. रकाने चारच आहेत. आता धारा काढायची वेळ झाली, थांबते. नमस्कार.